गाडीच्या विम्यावर दोन तारखा असतात, दोन्ही बघा!



मागच्या पावसाळ्यात आपल्या एका गटातल्या ताईंच्या कारवर चिंचेची मोठी फांदी पडली. काच फुटली, टप चेपला. "विमा तीन वर्षांचा आहे, काळजी नाही," असं घरात सगळे म्हणत होते. क्लेम करायला गेल्यावर कळलं, गाडीच्या नुकसानीचा विमा वर्षभरातच संपला होता! दुरुस्तीसाठी ताईंना गटातून कर्ज काढावं लागलं.

असं का झालं? कारण गाडीच्या विम्याचे दोन भाग असतात.

१) थर्ड पार्टी : आपल्या गाडीमुळे दुसऱ्या कुणाला इजा झाली, मृत्यू झाला किंवा त्याच्या मालमत्तेचं नुकसान झालं, तर त्याची भरपाई. हा कायद्याने सक्तीचा आहे. नसेल तर पहिल्या वेळी २,००० रुपये दंड होऊ शकतो. आपल्या गाडीच्या दुरुस्तीला यातून एक रुपयाही मिळत नाही.

२) ओन डॅमेज : आपल्या स्वतःच्या गाडीचं नुकसान. अपघात, चोरी, आग, पूर, वादळ हे यात येतं. याची सक्ती नाही, म्हणून तो भरायचा राहून जातो.

सप्टेंबर २०१८ पासून नव्या कारला थर्ड पार्टी विमा एकदम ३ वर्षांचा आणि दुचाकीला ५ वर्षांचा घ्यावा लागतो. ओन डॅमेज मात्र बहुतेक वेळा १ वर्षाचाच असतो. म्हणून एकाच कागदावर दोन तारखा! आपण लांबची वाचतो आणि निर्धास्त होतो.

आणखी काही गोष्टी लक्षात ठेवा :

• मालक-चालकाचं १५ लाखांचं अपघात संरक्षण हे आरसी बुकवर ज्याचं नाव आहे त्यालाच, आणि त्याच्याकडे लायसन्स असेल तरच. गाडी तुमच्या नावावर आणि चालवतात घरधनी, तर ते त्यांना लागू नाही. चालकासाठी वेगळं संरक्षण मिळतं का, ते विचारा.
• पांढऱ्या पाटीच्या खासगी गाडीतून भाड्याने माणसं नेली, दारू पिऊन किंवा लायसन्सशिवाय गाडी चालवली, तर क्लेम नाकारला जाऊ शकतो.

पुढच्या बैठकीला येताना घरातल्या गाडीची पॉलिसी सोबत आणा. दोन्ही तारखा शोधू आणि गटाच्या वहीत लिहून ठेवू. जी तारीख आधी संपते, तिच्याखाली लाल रेघ मारू.