काट्यावरचा हिशेब

सकाळी ७. रात्रपाळीवाला वही हातात देऊन चहाला पळतो. सोलापुरातल्या एका खासगी दवाखान्याची ही ऑक्सिजनची खोली. जम्बो सिलिंडरांची डावी रांग चालू, उजवी राखीव. आधी काटे वाचायचे. जम्बोत पाणी भरलं तर जेमतेम ४७ लिटर मावेल. ऑक्सिजन मात्र सात हजार लिटर, कारण तो दर चौरस सेंटिमीटरला १५० किलो दाबानं कोंबलेला. तापमान तेच असेल, तर दाब आणि आकारमान यांचा गुणाकार बदलत नाही. रॉबर्ट बॉइलनं १६६२ साली हे मांडलं, ते वाकड्या काचनळीत पारा ओतून. आमचा सगळा धंदा त्या गुणाकारावर. काटा ७५ म्हणजे साडेतीन हजार लिटर. वहीत तेवढंच लिहायचं.

८.१५. सिस्टरांचा फोन. "दादा, पेशंटला सीटीला न्यायचंय, छोटा पाठवा." छोटा दहा लिटरचा, काटा ६० वर. सहाशे लिटर, मिनिटाला पाच लागले तर दोन तास. लिफ्ट अडकली तरी निभेल.

१०.३०. टेम्पो येतो. भरलेले उतरवा, रिकामे चढवा. रिकामा म्हणायचं इतकंच; काटा शून्यावर आला तरी आत बाहेरच्या हवेइतक्या दाबाचा ४७ लिटर वायू असतोच. तेलकट हातानं इथं कुणी यायचं नाही. दाबाखालचा ऑक्सिजन आणि तेल एकत्र आले की आग.

दुपारी २. मे महिना, पारा ४२. पहाटे २७ अंशांना १५० दाखवणारा सिलिंडर आता १५७ दाखवतो. नवा पोरगा खूश: "वाढला की ओ!" वाढलं काही नाही. गुणाकार करून बसलात तर सव्वातीनशे लिटर जास्तीचे निघतात, ते फक्त कागदावर. बॉइलची अट तापमान स्थिर ठेवण्याची, आणि ती सोलापूरच्या मे महिन्याला कुणी सांगितलेली नाही. म्हणून साठ्याचा आकडा मी सकाळचाच धरतो, दुपारचा नाही.

दुपारी ३. पाळी संपते. घरी पेशंट नेणारे नातेवाईक दारात हमखास विचारतात, सिलिंडर किती पुरेल? दहा लिटरचा असेल तर काट्याच्या आकड्याला दहानं गुणा आणि मिनिटाला जितके लिटर सोडता तितक्यानं भागा. दोन लिटरवर असाल आणि काटा ५० वर आला, तर चार तास उरले. पुढचा सिलिंडर तेव्हाच मागवा.