नेग्लेक्टम रोझियम

खानदेशच्या कापसावरचे इंग्रजी अमदानीतले शेतकी अहवाल चाळायचा मला जुना नाद आहे. त्यांत ‘एन. आर.’ ही अक्षरं सारखी आडवी येतात. धुळे-जळगावकडच्या शेतकऱ्यांना सरकार ज्याचं बी वाटत होतं, तो हा कापूस. अक्षरं फोडली की दोन लॅटिन विशेषणं निघतात: नेग्लेक्टम, म्हणजे दुर्लक्षित, आणि रोझियम, म्हणजे गुलाबी.

नेग्लेक्टम हे नाव पालेर्मोच्या वनस्पतिउद्यानाचे संचालक आगोस्तिनो तोदारो यांचं. पेशानं हे गृहस्थ वकील. पुण्याच्या शेतकी कॉलेजातल्या गॅमी यांनी 1907 साली हिंदी कापसांची वर्गवारी छापली, तेव्हा खानदेश-वऱ्हाडातला सरमिसळ माल याच नावाखाली आला. पिवळ्या फुलांचे प्रकार वेगळे, रोझियम वेगळा. गंमत म्हणजे शेतात रोझियमचं फूल दिसतं पांढरं!

दुर्लक्षित म्हणावं, तर या कापसाच्या मागे साहेब हात धुऊन लागला होता. अमेरिकेतल्या यादवीत मँचेस्टरच्या गिरण्यांचा कच्चा माल अडला आणि लांब धाग्याची निकड पडली. 1863 मध्ये मुंबई इलाख्यात कापसातल्या भेसळीविरुद्ध कायदा झाला. खानदेशचे कलेक्टर ॲशबर्नर यांनी हिंगणघाटच्या लांब धाग्याच्या बियाण्याचा आग्रह धरला. तरी आखूड, जाड धाग्याचा कापूस शेतात टिकलाच.

कारण उतारा. शंभर किलो कापूस सरकी काढायच्या रेच्यावर घातला, तर रोझियमची रुई चाळीस किलोच्या आसपास निघे. हिंगणघाटच्या ‘बनी’ कापसाची तिशीच्याही खाली, बाकी सगळी सरकी. धाग्याच्या लांबीसाठी व्यापारी जो चढा भाव देई, त्यात ही तूट भरून निघत नसे. आखूड धाग्याला जपानी गिरण्यांचं गिऱ्हाईक होतंच. शेतकऱ्याला अडाणी ठरवणाऱ्यांनी हा हिशेब मांडून बघायला हवा होता.

शेवटी शेतकी खात्यानं तो मांडला आणि स्वतःच एन. आर. वाटू लागलं. शेजारच्या मध्य प्रांतात शेतकी खात्याच्या क्लाउस्टन यांनीही रोझियमचीच बाजू घेतली. लांब धाग्याचे कैवारी यावर नाराज होते. 1917 साली नेमलेल्या इंडियन कॉटन कमिटीचा कलही लांब धाग्याकडेच. मला विचाराल, तर क्लाउस्टन यांचं बरोबर होतं. धागा गिरणीला लांब हवा होता. पोट भरायचं होतं ते कुणब्याला.

पुढे जळगावच्या संशोधनातून ‘जरिला’ वाण आला. धागा सुधारलेला, तरी शेतकऱ्याला परवडणारा. 1940 नंतर मुंबईच्या वायदेबाजारात सौद्यांना जरिला हाच आधार धरला जाई. त्याच सुमारास कापसाच्या जातींची नव्यानं वर्गवारी करणाऱ्या हचिन्सन यांनी नेग्लेक्टम ही जातच मोडीत काढली आणि हा कापूस आर्बोरियममध्ये, म्हणजे ‘झाडासारख्या’ जातीत घातला. उपप्रकाराचं नाव बेंगालेन्स. खानदेशातलं हंगामी रोप, जात झाडाची आणि पत्ता बंगालचा.

आज चोपडा-जामनेरकडे शेतं भरलेली दिसतात ती बीटी कपाशीनं. तिची जात हिर्सुटम, म्हणजे केसाळ. निदान हे विशेषण तरी पानावर बोट फिरवून पडताळता येतं.