मिसट्रायल म्हणजे चुकीचा निकाल नव्हे

‘मिसट्रायल’ हा शब्द आपल्या कानांवर पडतो तो बहुधा अमेरिकन चित्रपटांतून, आणि आपण त्याचा अर्थ ‘चुकीचा निकाल’ असा लावून मोकळे होतो. इथे जरा थांबू या. चुकीचा निकाल हाही निकालच असतो; तो अपिलात उलटवावा लागतो. मिसट्रायलमध्ये निकालच लागत नाही. खटला अर्ध्यावरच निष्फळ ठरतो.

असं का होतं? ज्यूरीचं एकमत होत नाही, किंवा ज्यूरीतला कुणी परस्पर बाहेर चौकशी करतो, किंवा कायद्यानं वर्ज्य असलेली माहिती ज्यूरीच्या कानी पडते.

एक उदाहरण घेऊ. रॉस्को आरबकल हा मूकपटांच्या काळातला गाजलेला विनोदी नट. एका अभिनेत्रीच्या मृत्यूवरून सॅन फ्रान्सिस्कोत त्याच्यावर सदोष मनुष्यवधाचा खटला चालला. डिसेंबर १९२१ मध्ये पहिली ज्यूरी फुटली : दहा जण ‘निर्दोष’ म्हणाले, दोघे ‘दोषी’. फेब्रुवारी १९२२ मध्ये दुसरी फुटली, ती बरोबर उलटी : दहा ‘दोषी’, दोन ‘निर्दोष’. आता बघा, कायद्याच्या लेखी या दोन्हींची किंमत सारखीच, म्हणजे शून्य. एप्रिलमध्ये तिसऱ्या ज्यूरीनं त्याला निर्दोष सोडलं, वर लेखी दिलगिरीही व्यक्त केली. तोच काय तो निकाल.

तर्काच्या भाषेत सांगायचं, तर ‘नाही’ आणि ‘अजून ठरलं नाही’ ही दोन वेगळी विधानं आहेत. मिसट्रायल आरोपीबद्दल काहीच सांगत नाही. ते खटल्याबद्दल सांगतं.

मग कुणी विचारेल, एकाच गुन्ह्यासाठी माणसाला पुन्हा पिंजऱ्यात उभं करणं अन्याय नाही का? अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयानं १८२४ मध्ये पेरेझ खटल्यात याचं उत्तर दिलं : उघड गरज असेल तर ज्यूरी बरखास्त करून पुन्हा खटला चालवता येतो. पण हा मोकळा परवाना नव्हे. बाजू पडते आहे असं पाहून सरकारी वकिलानं आरोपीला मिसट्रायल मागायला मुद्दाम भाग पाडलं, तर दुसरी संधी मिळत नाही.

आपल्याकडे आता ज्यूरी नाही, म्हणून हा शब्दही फारसा येत नाही. आपल्याकडचा त्याचा जवळचा नातलग म्हणजे फेरखटला. बडोद्याच्या बेस्ट बेकरी प्रकरणात २००३ मध्ये सगळे आरोपी सुटले होते. २००४ मध्ये सर्वोच्च न्यायालयानं तो निकाल बाजूला ठेवला आणि खटला महाराष्ट्रात नव्यानं चालवायला सांगितलं. २००६ मध्ये मुंबईत नऊ जण दोषी ठरले. पुढे २०१२ मध्ये उच्च न्यायालयानं त्यांतल्या पाच जणांना सोडलं. फरक ध्यानात घ्या : इथे निकाल लागला होता, तो वरच्या न्यायालयानं रद्द केला. मात्र दोन्हींमागचा विचार एकच : सुनावणीच धड झाली नसेल, तर तिच्या शेवटी जे येतं त्याला न्याय म्हणता येत नाही.

याची किंमत माणसंच मोजतात. आरोपी लटकलेला राहतो, आणि ज्यांचं माणूस गेलं त्यांना तीच साक्ष पुन्हा द्यावी लागते. आरबकल सुटला, पण पडद्यावरची त्याची जागा त्याला पूर्वीसारखी परत मिळाली नाही. म्हणून ‘पुन्हा चालवा’ हे शब्द न्यायाधीशानं जड मनानंच उच्चारायचे असतात. पण उच्चारायचे असतात, हेही तितकंच खरं.