स्वस्तातलं घोडं घ्यावं की नाही?



दत्तजयंतीला तापीकाठी सारंगखेड्याला घोड्यांचा मोठा बाजार भरतो. मुंबईत अंधेरी-घाटकोपरकडे वरातीला घोडा लागतो. एखादं स्वस्तातलं घेऊन तिकडं धंद्याला लावावं, असं तरुण सभासदांच्या मनात येतं. विचार वाईट नाही. पण आधी घोडं स्वस्त का, ते विचारा.

अंगावरचा भोवरा अशुभ म्हणून किंमत पडली असेल, तर जनावरात उणं काही नाही. मात्र विकताना तुम्हालाही कमीच मिळेल. पण घोडं न फिरवलेलं म्हणून स्वस्त असेल, तर राहिलेली किंमत पुढं तुम्हालाच चुकवायची आहे. कित्येक महिने रोज फिरवणारा जाणता माणूस, दाणा-वैरण, नालबंदी, आणि तोवर कमाई शून्य. उपनगरातल्या वरातीत बँडचा दणका, फटाके, शेजारून बस जाते. तिथं कच्चं घोडं बुजलं, तर नवरदेवासकट उधळतं.

दात स्वतः पाहा. पुढचे दुधाचे दात साधारण २॥ वर्षांपासून पडू लागतात. ५ व्या वर्षी तोंड भरतं. चारी पाय उचलून पाहा. विकणाऱ्यालाच आधी बसायला सांगा. ग्लँडर्स हा रोग माणसालाही होतो. पशुवैद्याकडून रक्त तपासल्याशिवाय पैसे मोजू नका. बग्गीचा बेत असेल, तर मुंबई उच्च न्यायालयानं २०१५ साली शहरातल्या व्हिक्टोरिया बेकायदा ठरवल्या, हे ध्यानी ठेवा.

घरात शिकवणारा असेल तरच कच्चं घोडं घ्यावं. नसेल तर चार पैसे जादा मोजून शिकलेलं घ्यावं. शेवटी तेच स्वस्त पडतं.