सहा कलावंत, एक दालन

मुंबईच्या काळा घोडा भागातील ज्या रस्त्यास हल्ली के. दुभाष मार्ग म्हणतात, त्याचे जुने नाव रॅम्पार्ट रो. या रस्त्यावर बॉम्बे आर्ट सोसायटीचे एक लहानसे दालन होते. तेथे १९४९ सालच्या ७ जुलै रोजी सहा तरुण कलावंतांनी आपली कामे एकत्र मांडली. इंग्रजीत लिहिणारे प्रसिद्ध कादंबरीकार मुल्कराज आनंद यांनी प्रदर्शनाचे उद्घाटन केले. या सहांनी आपल्या मंडळास ‘प्रोग्रेसिव्ह आर्टिस्ट्स ग्रुप’ असे नाव दिले होते. पुढे या मंडळींची कीर्ती इतकी वाढली की, त्या दिवशी त्या दालनात नेमके काय घडले, याचा बहुतेकांस विसर पडला आहे.

ते समजण्यासाठी त्या काळची चित्रे लोकांसमोर कशी येत, हे आधी पाहिले पाहिजे. बॉम्बे आर्ट सोसायटी १८८८ साली स्थापन झाली. तिचे वार्षिक प्रदर्शन हा मुंबईच्या कलाजीवनातील मोठा सोहळा असे. चित्रकाराने आपले चित्र पाठवावे, निवड समितीने ते घ्यावे किंवा परत करावे, घेतलेल्या शेकडो चित्रांतून परीक्षकांनी पदके वाटावी, असा तो क्रम होता. या पद्धतीचा दोष परीक्षकांच्या पक्षपातात होता असे मानण्याचे कारण नाही. परीक्षक पुष्कळदा निःस्पृह असत. परंतु चित्र कसे असावे याविषयी त्यांच्या मनात एक साचा पक्का झालेला असे, आणि त्यात न बसणारे चित्र दाराबाहेरच राही. तेव्हा ते चांगले होते की वाईट, याचा निर्णय करण्याची संधी प्रेक्षकाला मिळतच नसे.

हा प्रश्न मुंबईचाच होता असे नव्हे. पॅरिसमध्ये तो पाऊणशे वर्षांपूर्वी उपस्थित झाला होता. तेथील सरकारमान्य ‘सालोन’च्या परीक्षकांना कंटाळून मोने, पिसारो, देगा प्रभृती तीस कलावंतांनी १८७४ च्या एप्रिलमध्ये नादार या छायाचित्रकाराच्या रिकाम्या झालेल्या स्टुडिओत आपले प्रदर्शन भरविले. त्यासाठी त्यांनी रीतसर भागीदारीची मंडळी काढली होती. व्यवहार मात्र आतबट्ट्याचा ठरला. वर्ष संपण्यापूर्वीच हिशेब झाला, तेव्हा प्रत्येक भागीदाराच्या अंगावर १८४ फ्रँक ५० सांतीम इतके देणे निघाले आणि मंडळी मोडली. जगातील चित्रकलेस नवे वळण देणाऱ्या घटनेची खतावणी अशी आहे! समूह-प्रदर्शनाचे मर्म मात्र तिच्यात स्पष्ट दिसते. परीक्षक नाही, पदक नाही. भाड्याचा भार सर्वांनी उचलायचा आणि नफानुकसानही वाटून घ्यायचे.

मुंबईच्या मंडळाची स्थापना १९४७ ची. आरा यांनी काढलेले स्वातंत्र्यदिनाच्या मिरवणुकीचे भव्य चित्र बॉम्बे आर्ट सोसायटीने नाकारले, तेव्हा स्वतंत्र मंडळाचा विचार पक्का झाला, असे त्या मंडळींच्या आठवणींत सांगितले जाते. फ्रान्सिस न्यूटन सूझा, सय्यद हैदर रझा व कृष्णाजी हौळाजी आरा हे पहिले तिघे. या तिघांनी प्रत्येकी एकेकास बरोबर आणावे असे ठरले. त्याप्रमाणे सूझा यांनी मकबूल फिदा हुसेन यांना, रझा यांनी हरि अंबादास गाडे यांना आणि आरा यांनी सदानंद बाकरे यांना आणले. कोणाच्याही चित्राची परीक्षा झाली नाही. मित्राने मित्राची साक्ष दिली, एवढेच प्रवेशपत्र!

हे सहाजण एकमेकांहून इतके भिन्न होते की, त्यांना एका पंगतीत बसविण्याचे दुसऱ्या कोणाला सुचलेही नसते. सूझा गोव्यातील साळगावचे. १९४५ साली राजकीय चळवळीच्या पायी त्यांना सर जे. जे. स्कूल ऑफ आर्टमधून काढून टाकण्यात आले. रझा मध्यप्रांतातील एका वनाधिकाऱ्याचे चिरंजीव. हुसेन पंढरपूरचे, सिनेमाच्या जाहिरातींचे प्रचंड फलक रंगवून आणि मुलांच्या खेळण्यांचे नमुने तयार करून ते संसार चालवीत. गाडे अमरावती जिल्ह्यातील तळेगाव दशासरचे, मूळचे शास्त्र विषयाचे पदवीधर. बाकरे यांचा जन्म बडोद्याचा, आणि सहांत शिल्पकार तेवढे एकटेच. आरा यांची कहाणी सर्वांहून निराळी. हैदराबादजवळच्या बोलारमचा हा मुलगा लहानपणीच घर सोडून मुंबईस आला, घरगडी म्हणून राबला, मिठाच्या सत्याग्रहात तुरुंगात गेला आणि मोटारी धुण्याचे काम करीत करीत चित्रे काढू लागला. फाळणीच्या वणव्यात देश होरपळत असताना हिंदू, मुसलमान व ख्रिस्ती तरुण असे एकत्र आले, हीही गोष्ट ध्यानात ठेवण्यासारखी आहे.

त्यांना आधार मिळाला तो तीन परदेशस्थांचा. नाझी राजवटीमुळे मायदेशास पारखे झालेले वॉल्टर लँगहॅमर, रूडॉल्फ फॉन लायडन व इमॅन्युएल श्लेसिंजर हे गृहस्थ त्या वेळी मुंबईत स्थायिक झाले होते. लँगहॅमर हे ‘टाइम्स ऑफ इंडिया’चे कलाविभाग-प्रमुख, लायडन कलासमीक्षक, तर श्लेसिंजर औषधांच्या कारखान्याचे मालक आणि चित्रांचे संग्राहक. युरोपातील नव्या चित्रांच्या प्रतिकृती या तरुणांनी प्रथम पाहिल्या त्या यांच्याकडे. एकाने शिकवावे, दुसऱ्याने लिहावे, तिसऱ्याने विकत घ्यावे, असा हा योग जुळला. यांपैकी तिसरी गोष्ट कलेच्या इतिहासात नेहमीच थोडक्यात आटोपली जाते; परंतु रंग उधारीवर आणणाऱ्याला तिचे मोल अधिक कळते.

प्रदर्शनाच्या पुस्तिकेसाठी सूझा यांनी जे निवेदन लिहिले, ते आजही वाचण्याजोगे आहे. मंडळ स्थापन करताना कलावंत व सामान्य जनता यांच्यातील दरी बुजविण्याची प्रतिज्ञा केली होती. दोन वर्षांनंतर सूझा यांनी ती आशा सोडल्याचे सरळ सांगून टाकले. आता विषय कोणता घ्यावा आणि तो कसा रंगवावा, याचे आपणांस पूर्ण स्वातंत्र्य आहे. बंधन आहे ते आकारांच्या व रंगांच्या मेळाचे, आणि कोणत्याही जुन्या संप्रदायाचे पुनरुज्जीवन करण्याची आपली इच्छा नाही, असा त्याचा मथितार्थ. या कबुलीस कोणी पराभव म्हणेल. वस्तुतः तीत प्रामाणिकपणा आहे. कारण मोटारी धुणाऱ्या आरा यांनी काढलेले फुलदाणीचे चित्र हे लोकांसाठी की लोकांविरुद्ध, याचा निर्णय कोणत्या घोषणेने करावयाचा?

भिंतीवरील कामांतही एकवाक्यता नव्हती. सूझा यांच्या रेषेत धार आणि राग, तर आरा यांच्या वस्तुचित्रांत खेळकर जिव्हाळा. रझा व गाडे हे दोघेही निसर्गचित्रे काढीत, पण रझा यांच्या जलरंगात प्रकाश विरघळतो, तर गाडे घरांचे व डोंगरांचे कोन ठामपणे रचतात. हुसेन यांच्या आकृती ग्रामीण जीवनातून उचललेल्या. अशी चित्रे शेजारी-शेजारी टांगली म्हणजे ती एकमेकांवर टीका करू लागतात. एकट्याच्या प्रदर्शनात प्रेक्षक चित्रकाराची सवय करून घेतो. समूहात त्याला ती सवलत नसते, प्रत्येक पावलागणिक दृष्टी बदलावी लागते. समूह-प्रदर्शन पाहताना यांची शैली एक आहे काय, असा शोध घेणाऱ्याची म्हणूनच निराशा होते. शेजारच्या चित्रामुळे हातातील चित्राविषयी काय नवे कळले, असे विचारणाऱ्याला पुष्कळ मिळते. पुढील लेखकांनी या सहांचा एक ‘संप्रदाय’ बनविला, तो सोयीचा असला तरी खरा नाही.

एकत्र राहणे मात्र फार काळ साधले नाही. १९४९ मध्येच सूझा यांची चित्रे अश्लीलतेच्या आरोपावरून एका प्रदर्शनातून हलविण्यात आली, आणि त्याच वर्षी ते लंडनला निघून गेले. रझा १९५० साली शिष्यवृत्ती घेऊन पॅरिसला गेले, बाकरे १९५१ साली इंग्लंडला. मंडळात मग वासुदेव गायतोंडे, कृष्ण खन्ना, मोहन सामंत ही नवी मंडळी आली. १९५३ च्या प्रदर्शनात कोल्हापूरच्या भानू राजोपाध्ये यांचीही चित्रे होती. ‘गांधी’ चित्रपटाच्या वेशभूषेसाठी १९८३ साली ऑस्कर पारितोषिक मिळविणाऱ्या भानू अथैया त्या याच. १९५६ साली मंडळ विसर्जित झाले.

त्यानंतरचा हिशेब विषम आहे. हुसेन यांचे १९५४ चे ‘ग्राम यात्रा’ हे चित्र २०२५ च्या मार्चमध्ये न्यूयॉर्कच्या लिलावात सव्वा कोटी डॉलरांहून अधिक किमतीस गेले. आधुनिक भारतीय चित्राला तोवर मिळालेली ती सर्वोच्च किंमत. सूझा व रझा यांची नावेही लिलावदारांच्या तोंडी आहेत. गाडे व बाकरे यांची नावे मात्र पुष्कळ सुशिक्षित घरांतही आज सांगून कळत नाहीत. बाकरे अनेक वर्षांनी विलायतेहून परतले, कोकणातील मुरूड-हर्णै येथे एकांतात राहिले आणि तेथेच २००७ साली वारले.

आरा परदेशी स्थायिक झालेच नाहीत. रॅम्पार्ट रोवरच्या आर्टिस्ट्स सेंटरच्या कामात ते गुंतले, आणि नवख्या चित्रकारांना भिंत मिळवून देण्यात त्यांचा बराच वेळ जाई. त्यांनी लग्न केले नाही; १९८५ साली मुंबईतच त्यांचे निधन झाले.