परतलेल्यांची शाळा
(दोन देशांतलं बालपण : लेखांक ४)

परदेशी गेलेल्या मुलांविषयी मागच्या आठवड्यात लिहिलं. परतणाऱ्यांचं दुखणं वेगळं असतं, आणि जपानने त्यावर भरपूर खल केला आहे. १९६०-७० च्या दशकांत जपानी कंपन्यांची माणसं सहकुटुंब न्यूयॉर्क, लंडन, डसेलडॉर्फला जाऊ लागली. काही वर्षांनी बदली संपे आणि बिऱ्हाड परत येई. अशा मुलांना तिकडे ‘किकोकुशिजो’ म्हणतात.

परदेशात यातली बरीच मुलं आठवडाभर तिथल्या शाळेत जात आणि शनिवारी जपानी शाळेत. प्राथमिकच्या सहा वर्षांत हजारेक कांजी अक्षरं शिकायची असतात. मायदेशातली मुलं ती रोज थोडी थोडी गिरवतात. शनिवारच्या शाळेत आठवड्याचा अभ्यास एका दिवसात उरकायचा.

परतल्यावर शाळेत शिरताना बूट बदलणं, डबा नसून मुलांनीच एकमेकांना जेवण वाढणं, वर्ग झाडणं हे सगळं लवकर अंगवळणी पडतं. अडतं ते बोलण्यात. वरच्या वर्गातल्या मुलाशी कोणत्या आदरार्थी रूपात बोलावं, हे घरी आईबाबांशी जपानी बोलून कळत नाही. इंग्रजीच्या तासाला तर उलटाच प्रकार. अमेरिकेत वाढलेली मुलगी धडा अस्खलित वाचते, वर्ग खुसखुसतो. पुढच्या वेळी ती मुद्दाम ‘थँक यू’चं ‘सांक्यू’ करते. मोठेपणी असे अनुभव अनेकांनी सांगितले आहेत.

सुरुवातीला शाळांचा भर मुलांवर चढलेला परदेश खरवडून काढण्यावर होता. मग वारं फिरलं. १९७८ मध्ये टोकियोच्या कोगानेई उपनगरात मुख्यतः अशाच मुलांसाठी आयसीयू हायस्कूल निघालं, विद्यापीठांनी त्यांच्यासाठी वेगळी प्रवेशपरीक्षा ठेवली. हे सगळं निव्वळ कळवळ्यातून झालं नाही. या मुलांचे वडील मोठ्या कंपन्यांत नाहीतर परराष्ट्र खात्यात होते, त्यांच्या शब्दाला वजन होतं, हे रॉजर गुडमन या मानववंशशास्त्रज्ञाने १९९० मध्येच दाखवून दिलं.

त्याच वर्षी जपानचा स्थलांतराचा कायदा बदलला आणि ब्राझीलमधले जपानी वंशाचे कामगार हामामात्सुसारख्या शहरांतल्या कारखान्यांत येऊ लागले. त्यांच्या मुलांची अडचण भाषेचीच, पण त्यांच्यासाठी कुणी हायस्कूल काढायला धावलं नाही. परदेशी नागरिकांच्या मुलांना तिथे शिक्षणाची सक्तीच नाही. २०१९ च्या सरकारी पाहणीत सुमारे २० हजार परदेशी मुलं शाळेबाहेर असावीत असं आढळलं.

आपली आयटीतली मराठी मंडळी टोकियोच्या निशी-कासाई भागात बरीच आहेत. २००४ पासून टोकियोत भारतीय अभ्यासक्रमाच्या शाळाही निघाल्या. घराजवळची सरकारी जपानी शाळा विनाशुल्क, शिवाय भाषा आपोआप येते. पण मूल आठवीत असताना पुण्याला परतायची वेळ आली तर? म्हणून अनेक घरं भारतीय शाळेची भरभक्कम फी भरतात. या पालकांचं गणित पुढच्या लेखांकात.