तरवडाचं बी उगवत का नाही?

ऐकायला वेळ नसेल त्यांच्यासाठी हा भाग लिहून देतोय.

मागच्या नवरात्रात आजी म्हणाली, "घटाला तरवडाची माळ पाहिजे, जा घेऊन ये." मला वाटलं, पाच मिनिटांचं काम. आपल्या नगर जिल्ह्यात, म्हणजे आताच्या अहिल्यानगरात, तरवड काय कुठंही दिसतो! पण आमच्या शिवारात जेसीबीने बांध सरळ केलेत, रस्ता रुंद झालाय. दोन तास फिरून ओंजळभर पिवळी फुलं मिळाली. आजी काही बोलली नाही, पण मला ते लागलं. तेव्हाच ठरवलं, बांधावर तरवड परत लावायचा.

तरवड हे आपल्याच मातीतलं झुडूप. भारत आणि श्रीलंका हे त्याचं मूळ घर. मुरमाड माळ, कमी पाऊस, कडक ऊन, सगळं सोसतो. शेळ्या-गुरं सहसा त्याला तोंड लावत नाहीत, म्हणून चराईच्या रानातही टिकतो. पूर्वी याच्या सालीने कातडं कमवायचे. शेजारच्या तेलंगणात याला 'तंगेडू' म्हणतात, ते तिथलं राज्यफूल आहे आणि बतुकम्माच्या सणात ते लागतंच.

मग बी लावलं की झालं? मीही तेच केलं. शेंगा फोडल्या, बी थेट पिशवीत टाकलं, रोज पाणी घातलं. महिना गेला, चाळीस पिशव्यांत तीन रोपं!

चूक बियाची नव्हती, माझी होती. या बियाचं कवच इतकं टणक असतं की पाणी आतच शिरत नाही. रानात ऊन, पाऊस, माती यांनी ते हळूहळू झिजतं. त्यामुळं सगळं बी एकाच पावसात उगवत नाही. काही यंदा, काही पुढच्या साली. एखादा पाऊस दगा देऊन गेला, तरी सगळी पिढी संपत नाही. दुष्काळी मुलखात ही फार शहाणपणाची सोय आहे. आपल्याला मात्र घाई असते, म्हणून ते काम आपण करायचं.

हे असं करा:

१. झुडपावरच तपकिरी होऊन वाळलेल्या चपट्या शेंगा काढा. हिरव्या नकोत. किडीने भोक पाडलेलं बी बाजूला टाका.

२. पाण्याला उकळी आली की गॅस बंद करा. दोन-तीन मिनिटांनी ते पाणी वाटीतल्या बियांवर ओता आणि रात्रभर तसंच राहू द्या. बी गॅसवर शिजवायचं नाही, बरं का!

३. सकाळी फुगलेलं बी लगेच लावा. जे फुगलं नाही, ते पॉलिश पेपरवर एका बाजूने हलकं घासा आणि परत साध्या पाण्यात भिजवा.

४. माती, वाळू आणि कुजलेलं शेणखत मिसळून उंच पिशव्या भरा. बी एक सेंटिमीटर खोल टाका. पिशवीला खाली भोकं हवीतच.

५. आठ-पंधरा दिवसांत कोंब दिसतील. पाणी बेताचं. तरवड तहानेपेक्षा चिखलाने जास्त मरतो.

सोटमूळ भराभर खाली जातं, म्हणून रोप पिशवीत जास्त दिवस अडकवू नका. उन्हाळ्यात बी लावा आणि पावसाने जमीन चांगली ओली झाली की बांधावर न्या. पहिल्याच वर्षी फुलांची आशा धरू नका.

आणखी एक गैरसमज. शेंगा येतात म्हणून हा जमिनीत नत्र साठवतो, असं बरेच जण सांगतात. पण याच्या मुळांवर हरभऱ्यासारख्या गाठी येत नाहीत. याचा उपयोग वेगळा. फुलातले परागकण बारीक छिद्रातून बाहेर पडतात. मोठा काळा भुंगा फुलाला धरून गुणगुणतो, त्या थरथरीने पराग सांडतात. पिवळसर-पांढरी फुलपाखरं पानांवर अंडी घालतात. अळ्यांनी थोडी पानं खाल्ली तर फवारणी करू नका.

आणि नवरात्रात माळेसाठी फुलं तोडताना एक लक्षात ठेवा: तोडलेल्या फुलाला शेंग धरत नाही. प्रत्येक झुडपावर थोडी फुलं मागे ठेवा. पुढच्या माळेचं बी त्यातच आहे.

दुसऱ्या खेपेला माझ्या चाळीसपैकी एकोणतीस पिशव्या उगवल्या. आजीने मोजल्यात, मी नाही! तुमच्याकडं किती उगवली, ते व्हॉइस नोट करून पाठवा. भेटू पुढच्या भागात.